माळ, सडा, देवराई: जीवसमुदाय कसा रचला जातो, कसा बदलतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी मृगाच्या आसपास प्रश्नांचा ओघ सुरू होतो, कारण वृक्षारोपणाचे बेत तेव्हाच ठरतात. दुसरी लाट सप्टेंबरात येते, कासची फुलं पाहून परतलेल्यांची. माळावरच्या फेऱ्यांत, शाळांत आणि निरोपांतून जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं बहुतेक सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेकडच्या माळरानांची आहेत, कारण मी तिथेच हिंडते. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जीवसमुदाय म्हणजे काय? परिसंस्था म्हणजे तेच ना?

एका जागी राहणाऱ्या आणि एकमेकांवर परिणाम करणाऱ्या सगळ्या जातींचा मेळ म्हणजे जीवसमुदाय. बारामतीजवळच्या सुप्याचा माळ घ्या. तिथलं गवत, ते खाणारा नाकतोडा, नाकतोडा पकडून बाभळीच्या काट्यावर खोचून ठेवणारा खाटीक पक्षी, चिंकारा, खोकड, वाळवी, मातीतली बुरशी हे सगळे त्या समुदायाचे सदस्य. त्यांच्यासोबत पाऊस, ऊन, मुरूम, वारा हेही हिशेबात धरले की ती परिसंस्था होते. नुसते तिथले चिंकारे मोजलेत, तर ती झाली फक्त एका जातीची संख्या.

२. कुठे कोणता समुदाय असेल हे ठरवतं कोण?

आपल्याकडे पहिला शब्द पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत, माण-फलटणकडे, तो पाचशेच्या आसपास येतो. पहिल्या ठिकाणी जांभूळ, अंजनी, पिसा यांचं सदाहरित रान; दुसऱ्या ठिकाणी गवत आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर. एका दिवसाच्या एसटी प्रवासात हे सगळं दिसतं.

पण पाऊस हा एकटा धनी नाही. कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाऊस भरपूर, तरी तिथे रान नाही, कारण जांभ्या कातळावर माती जेमतेम काही बोटं आहे. मुळं रोवायला जागा नाही आणि पावसाळ्यानंतर पाणीही थांबत नाही. तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची: कोण कोणाला खातो, कोण कोणावर सावली धरतो, कोणाचं बी कोण वाहून आणतो. चौथी गोष्ट इतिहासाची, म्हणजे आग, चराई, नांगर, कुऱ्हाड. एखाद्या जागेचं कोडं सुटत नसेल तर बहुतेक वेळा उत्तर या चौथ्या गोष्टीत सापडतं.

३. जंगलाला थर असतात हे शाळेत शिकलो. माळाला काय असतं? तो तर सपाटच दिसतो.

सपाट दिसतो, कारण आपण उभ्याने पाहतो. माळाचे थर खाली असतात. देवराईत वर बेहडा-आंब्याचं छत, मध्ये अंजनीसारखी झाडं, खाली झुडपं, त्याखाली रोपं आणि नेचे, आणि सगळ्यांना बांधणारी गारंबीसारखी दांडगी वेल. माळावर ही रचना जमिनीत शिरते. गवताची तंतुमुळं वरच्या थरात दाट विणलेली असतात. त्यांच्यातच खरपुडी, मुसळी, रानकांदा यांचे कंद दडलेले असतात आणि उन्हाळाभर वर पानही न दाखवता जगतात. त्याखाली हिवराची मुळं खोल पाण्याकडे गेलेली.

म्हणून मे महिन्यात माळ पाहून ‘इथे काहीच नाही’ असं म्हणणं म्हणजे दुकान बंद असताना माल नाही असं ठरवणं. जुलैत त्याच जागी गुडघे टेकून पाहा. माळावर मी नेलेल्या माणसांपैकी बरीच जण तेव्हाच पहिल्यांदा गप्प होतात.

४. एखादी जात गेली तर सगळं कोसळतं का?

नेहमी नाही. काही जाती गेल्या तर त्यांचं काम दुसऱ्या थोडंफार उचलतात. काही मात्र अशा असतात की त्या गेल्या म्हणजे पूर्ण मांडणी फिरते. त्यांना कळीच्या जाती म्हणता येईल. या कल्पनेचा पाया रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने घातला. १९६०च्या दशकात त्याने वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरच्या एका खडकाळ पट्ट्यातून एकाच जातीचे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. तारामाशांचं आवडतं खाणं म्हणजे शिंपले. खाणारा गेल्यावर शिंपल्यांनी खडकावरची सगळी जागा बळकावली, आणि त्याने नोंदलेल्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या. खाणारा नाहीसा झाला, तर खाल्ल्या जाणाऱ्यांची विविधता वाढली नाही. ती निम्म्यावर आली.

आपल्याकडे उंबर, पिंपळ, वड ही फायकसची मंडळी या मानाची आहेत. इतर झाडांना फळं नसतात त्या दिवसांतही कुठलं तरी उंबर पिकलेलं असतं. हरियाल, धनेश, वटवाघळं, माकडं त्यावर तग धरतात आणि विष्ठेतून इतर झाडांचं बी पेरत जातात. उंबराचं स्वतःचं परागण एका इवल्या गांधीलमाशीवर अवलंबून असतं, जी त्याच्या फळातच जन्मते. विहिरीला चीर गेली म्हणून तिच्यावरचं उंबर तोडताना यातलं काहीच डोळ्यांसमोर नसतं.

५. अनुक्रमण म्हणजे काय?

एका जागेवरचा जीवसमुदाय काळाच्या ओघात बदलत जाणं आणि एकाच्या जागी दुसरा येणं, हे अनुक्रमण. त्याचे दोन प्रकार आहेत.

जिथे आधी माती आणि जीव नव्हतेच, तिथून सुरू होतं ते प्राथमिक अनुक्रमण. उघड्या काळ्या कातळावर आधी दगडफूल धरतं, मग शेवाळ, त्यांच्या खाचांत धूळ साठते, तिथे एखादं नाजूक गवत. हे फार संथ चालतं. जगातलं गाजलेलं उदाहरण क्राकाताऊचं. १८८३च्या ज्वालामुखी स्फोटानंतर बेटावर राख आणि दगडाशिवाय काही उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिथे उतरलेल्या शोधपथकाला फक्त एक कोळी सापडला, जाळं विणणारा. पंधराएक वर्षांत गवत आलं आणि साधारण पन्नास वर्षांत बेट पुन्हा झाडांनी झाकलं.

माती, बी, खोडक्या शिल्लक असताना सुरू होतं ते दुय्यम अनुक्रमण. सोडलेलं शेत, तुटलेलं रान, वणव्यानंतरचा डोंगर या सगळ्यांचा यात समावेश होतो. ते बरंच वेगाने होतं, कारण जमिनीला सगळं नव्याने जमवावं लागत नाही.

६. आमचं डोंगरउतारावरचं नाचणीचं शेत वीस वर्षं पडीक आहे. तिथे पुढे काय होईल?

तुम्ही कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर झाडं येतील. आधी गवत आणि रानमोडी, मग धायटी, कुडा, कारवी, मागोमाग पांगारा, किंजळ, ऐन आणि सावली धरली की तिच्याखाली जांभूळ-अंजनीची रोपं. यात कोणती पायरी किती वर्षं टिकेल ते दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, जवळ देवराई किंवा जुनं रान आहे का. कारण बी कुठून तरी यावं लागतं आणि मोठ्या बियांना धनेशासारखा वाहक लागतो. दुसरी, दरवर्षी वणवा लागतो का (प्र. १२).

तुम्ही माण, सांगोला किंवा नगरकडच्या कर्जत भागात असाल तर मात्र वीस वर्षांनी तिथे बहुधा चांगला माळ असेल, आणि तसा असेल तर तो बिघडलेला नाही. कारण प्र. ८ मध्ये.

७. पण शेवटी सगळीकडे जंगलच होतं ना? ‘चरम अवस्था’ असं पुस्तकात आहे.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. पुस्तकातली ती मांडणी फ्रेडरिक क्लेमेंट्सची, १९१६ची. त्याच्या मते वनस्पतींचा समुदाय एखाद्या सजीवासारखा असतो. तो जन्मतो, वाढतो आणि त्या हवामानाला साजेशा एका पक्व अवस्थेला पोचतो. वाटेत काही बिघडलं तर पुन्हा त्याच वाटेने तिकडेच जातो. हेन्री ग्लीसनने १९२६मध्ये उलट बाजू मांडली: प्रत्येक जात स्वतःच्या गरजेने येते, स्वतःच्या नशिबाने टिकते, आणि आपण ज्याला समुदाय म्हणतो तो त्या त्या वेळी जमलेल्यांचा मेळा आहे.

मी फेरीत हे असं सांगते: क्लेमेंट्सला दिंडी दिसत होती. विणेकरी कुठे, टाळकरी कुठे, मुक्काम कोणते, सगळं ठरलेलं, आणि शेवट पंढरपुरातच. ग्लीसनला आठवडी बाजार दिसत होता. जो तो आपापल्या कामाने आलेला, ओळखी-देणीघेणी आहेत, पण पुढच्या आठवड्यात हीच माणसं याच जागी बसतील असं नाही. नंतरच्या शंभर वर्षांतला अभ्यास बाजाराच्या बाजूने जास्त झुकला आहे. उंबर आणि त्याची गांधीलमाशी यांच्यासारख्या घट्ट जोड्या बाजारातही असतात. पण एकच ठरलेला शेवट बहुतेक ठिकाणी दिसत नाही. आधी कोण पोचलं, किती वेळा आग लागली, कोण चरतं यावर एकाच हवामानात दोन वेगळे समुदाय पिढ्यान्पिढ्या टिकू शकतात.

दुर्दैवाने शाळेतून लक्षात राहते ती दिंडी. गवत म्हणजे वाटेतला मुक्काम आणि झाड म्हणजे पंढरपूर, असा हिशेब मनात पक्का बसतो. आपल्या माळरानांचं जितकं नुकसान नांगराने केलं, तितकंच या हिशेबानेही केलं असं माझं मत आहे.

८. माळ म्हणजे पूर्वीचं तोडलेलं जंगल नाही, हे कशावरून?

काही माळ तसे आहेतही. घाटमाथ्यावर तर नक्कीच. पण दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातला विरळ झाडांचा गवताळ प्रदेश जुना आहे, आणि याचे पुरावे वेगवेगळ्या दिशांनी येतात.

पहिला पुरावा गवतांचाच. उष्ण, उघड्या जागी वाढणारी गवतं भारतीय उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरली होती, हे शिवालिकच्या जुन्या मातीच्या थरांतल्या कार्बनवरून कळतं. तेव्हा कुऱ्हाड धरायला माणूस नव्हता. दुसरा पुरावा प्राण्यांचा. काळवीट पळून जीव वाचवतो, झाडीत लपून नाही. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि लांबवर नजर पोचेल अशी जागा निवडतो. धाविक, तणमोर, चंडोल, खोकड यांचं शरीर आणि सवयी उघड्या रानासाठी घडलेल्या आहेत, आणि अशी घडण शंभर-दोनशे वर्षांत होत नाही. तिसरा पुरावा प्र. ३ मधल्या कंदांचा. खरपुडीच्या कित्येक जाती जगात फक्त इथेच सापडतात.

चौथा पुरावा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्या भाषेत आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, ओव्या, स्थलकथा तपासल्या. त्यांत ४४ रानवनस्पतींचे उल्लेख मिळाले आणि त्यांतल्या २७ उघड्या, गवताळ प्रदेशाच्या निघाल्या. हिवर, तरवड, बाभूळ हे शब्द आपल्या जुन्या ओळींत सहज येतात, कारण आजूबाजूला तेच होतं.

मग ‘पडीक’ हा शिक्का कुठून आला? महसुलाच्या दप्तरातून. इंग्रजी अमलात ज्या जमिनीतून सारा किंवा लाकूड मिळत नव्हतं ती पडीक ठरली, आणि ती सवय आजच्या नकाशांतही टिकून आहे. धनगरांनी त्याच जमिनीवर शेकडो वर्षं मेंढरं जगवली, हे त्या दप्तरात कुठे बसत नव्हतं.

९. ताई, मग माळावर झाडं लावायचीच नाहीत का? आम्ही चांगल्या हेतूनेच करतो.

हेतूबद्दल मला शंका नाही. दहाएक वर्षांपूर्वी एका माळावर दोनशे खड्डे खणणाऱ्या गटात मीही होते. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ सगळी रोपं वाळली. खड्ड्यातून उपसलेल्या मुरमावर शेडा किंवा पवन्या ही इथली गवतं आजही परतलेली नाहीत; तिथे गाजरगवत आहे. त्या खड्ड्यांचं मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे उत्तर मी टाळत नाही.

रोपं जगली तरी प्रश्न उरतो. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाट वाढलं की सावलीत गवत संपतं आणि उघड्यावर राहणारे पक्षी-प्राणी निघून जातात. सोलापूरजवळ नान्नजला १९७९मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि त्या माळांवरही गिरिपुष्पाची लागवड झाली. आज तिथे माळढोक दिसणं ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. त्याची कारणं अनेक आहेत. पण अंडं घालायला उघडी जागा कमी होणं हे त्यांतलं एक आहे.

झाडं लावायला भरपूर जागा आहे: गावठाण, रस्त्याकडेचा पट्टा, ओढ्याचा काठ, शेताचा बांध, तुटलेल्या देवराईची कड. माळाला काही द्यायचंच असेल तर चराईची पाळी द्या, मारवेल-पवन्याचं बी पेरा, आणि पूर्वीपासून असलेला हिवर-बोर राहू द्या. ‘मग कार्बनचं काय?’ असं लगेच विचारलं जातं. गवत आपला कार्बन बहुतांश जमिनीखाली साठवतं, जिथे वणवा पोचत नाही.

१०. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मग मरते. हे अनुक्रमणच का?

नाही, हे तिचं जीवनचक्र. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४मध्ये बहरली. एकदाच फुलून बी धरायचं आणि सगळ्यांनी मिळून मरायचं. पुढच्या पावसात त्याच जागी कारवीच्याच रोपांचा गालिचा उगवतो, म्हणजे समुदाय बदलत नाही. मात्र कारवी वाळल्यावर वर्ष-दोन वर्षं जमिनीवर ऊन पोचतं, आणि तिच्या सावलीत अडकलेल्या झाडांच्या रोपांना तेवढीच संधी मिळते.

११. कासला गुरं बंद केली, कुंपण घातलं. मग फुलं वाढायला हवी होती ना?

तसंच वाटतं, पण स्थानिकांची तक्रार उलटी होती: फुलं कमी झाली आणि गवत माजलं. पुढे ते लोखंडी कुंपण काढण्यात आलं. कासची प्रसिद्ध फुलं, म्हणजे तेरडा, सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, बोटभर ते वीतभर उंचीची असतात. त्यांना ऊन हवं. गुरं उंच गवत खातात तेव्हा बुटक्यांना ऊन मिळतं. शिवाय सीतेची आसवं आणि दवबिंदू कीटक पकडून नत्र मिळवतात. निकस जागा हेच त्यांचं बळ. इथे चराई हा त्या समुदायाच्या रचनेचा भाग झालेला होता. प्र. ४ मधला तारामासा आणि इथली गाय यांचं काम एकच आहे.

याचा अर्थ कितीही गुरं चालतील असा नाही. आणि पर्यटकांच्या पायांनी होणारी तुडवण ही वेगळी गोष्ट आहे. ती कशाचंच भलं करत नाही.

१२. वणवा गवताला चांगला की वाईट? गावात म्हणतात, जाळलं की गवत जोमाने येतं.

गावातलं निरीक्षण अर्धं खरं आहे. गवताचे फुटवे जमिनीलगत असतात, त्यामुळे वरचं जळलं तरी ते पुन्हा फुटतं. कुसळीचं बी तर त्यासाठीच घडलंय: त्याचं कुसळ ओलं-कोरडं होताना पिळतं, उलगडतं आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं, आगीपासून सुरक्षित. मोज्यात घुसलेलं कुसळ हेच करत असतं.

उरलेलं अर्धं असं की दरवर्षीच्या आगीत झाडांची रोपं कधीच उंची गाठत नाहीत, रानाची कड मागे सरकत जाते आणि उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी घरटी गमावतात. तेव्हा जागा पाहावी लागते. घाटमाथ्यावर, देवराईजवळ वणवा म्हणजे शुद्ध नुकसान. कोरड्या माळावर अधूनमधून लागलेली आग समुदाय मोडत नाही, पण मुद्दाम लावायचंही कारण नाही. गुरांनी खाल्लेलं किंवा कापून नेलेलं गवत जळत नाही.

१३. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत हीसुद्धा अनुक्रमणाची पायरीच नाही का? पुढे आपोआप जातील ना?

पायरी म्हणून येतात, पण जिन्यातच ठाण मांडतात. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून आणली गेली. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं. या जातींना इथे त्यांना खाणारे जवळपास नाहीत, म्हणून देशी झाडाझुडपांची पाळीच येत नाही. गाजरगवतासाठी १९८४मध्ये मेक्सिकोहून एक भुंगा आणून सोडला. पावसाळ्यात तो पानं फस्त करताना दिसतो, पण पुरा पडत नाही.

घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. मुळाच्या मानेखाली तोडून झुडूप उलटं ठेवायचं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात देशी गवताचं बी टाकायचं. दुसरी पायरी वगळलीत तर पहिलीचे कष्ट वाया जातात.

१४. देवराई म्हणजे जसंच्या तसं राहिलेलं मूळ जंगल का?

मूळ रानाच्या सर्वांत जवळचं जे उरलं आहे ते, असं म्हणू. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचं मोल अभ्यासकांना कळलं. गावाला ते काळकाई, वाघजाई, भैरीच्या रूपात आधीपासून माहीत होतं. पण देवराई थांबलेली नसते. चहूबाजूंनी शेती असलेलं दोन-चार एकरांचं रान म्हणजे बेट. बेट जितकं लहान आणि दुसऱ्या रानापासून जितकं लांब, तितक्या कमी जाती त्यात टिकतात, आणि ही गळती सावकाश होते. आज दिसणारा प्रचंड वृक्ष कदाचित त्याच्या जातीचा तिथला शेवटचा असेल.

पाहायचं कसं? वर बघू नका, खाली बघा. मोठ्या झाडांची रोपं, काठीएवढी पोरं, मनगटाएवढी झाडं सगळी आहेत का? नुसती आजोबा झाडंच असतील तर देवराई म्हातारी होत चालली आहे. देवळाच्या जीर्णोद्धारात आवारात फरशी घातली की बी पडतं, पण रुजत नाही. सभामंडप बांधायचाच असेल तर फरशी मंडपापुरतीच ठेवा, एवढं गावकीत नक्की मांडा.

१५. आमच्या गावातला बदल आम्ही स्वतः कसा नोंदवू शकतो?

चार खुंट्या आणि एक सुतळी पुरे. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा. माळावर असे दहा, एकमेकांपासून लांब. प्रत्येकात कोणती गवतं-झाडोरा आहे, किती जागा उघडी आहे आणि कोणाच्या लेंड्या-शेण आहे ते लिहा. नावं माहीत नसतील तर गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सोबत न्या. शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी तो लांबून ओळखतो. नाव नाहीच कळलं तर ‘लाल देठाचं, केसाळ’ असं लिहा, पण दरवर्षी तेच लिहा.

शिवाय एका ठरलेल्या दगडावर उभं राहून एकाच दिशेला दरवर्षी एक फोटो. दगडावर रंगाची खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं कोणी आलं तरी चालेल. पहिली नोंद ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास घ्या. तेव्हा गवत तुऱ्यावर असतं आणि ओळखू येतं. दिवाळीनंतर कापणी सुरू होते, मग चौकोनात नुसती धसकटं मिळतात.